पहिल्या पानावरची वाघीण

परुळेकरांच्या हाती कुठलाही फोटो दिला, की ते आधी त्यातल्या माणसांच्या मागं बघतात.

हे मला प्रथम कळलं ते शारजातल्या आमच्याच इमारतीत, देशपांड्यांच्या हॉलमध्ये. त्यांची केतकी शिकायला इंग्लंडला गेली होती आणि तिकडच्या हौशी लोकांनी जपून ठेवलेली वाफेची एक जुनी रेल्वे पाहायला गेल्यावर तिनं घरी फोटो पाठवला होता. फोटोत केतकी होती, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला एक उंच, सोनेरी केसांचा मुलगा होता. देशपांडेवहिनी त्या हाताकडे बघत होत्या. देशपांडे वहिनींकडे बघत होते. केतकीचा धाकटा भाऊ सोफ्यातून न उठता म्हणाला, "ही इज जस्ट अ फ्रेंड, आई." फोटो फिरत फिरत परुळेकरांकडे आला.

परुळेकरांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं.

"दहा फुटी आहे," ते म्हणाले.

देशपांडेवहिनींनी वळून पाहिलं.

"दोन चाकांमधलं अंतर हो. दहा फूट. ब्रेकचा दांडा ह्या बाजूला दिसतोय, पण दाराची कडी काही दिसत नाही." त्यांनी फोटो नाकाजवळ नेला. "केतकीला सांगा ना, ह्या मुलाला जरा बाजूला कर म्हणून."

"तेच सांगणार आहे मी," देशपांडेवहिनी म्हणाल्या.

खाली उतरताना लिफ्टमध्ये परुळेकर मला अगदी मनापासून म्हणाले, "काय आहे सर, माणसं आडवी येतात."

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे मी पन्नाशीला येईपर्यंत फारसं लक्षात घेतलं नव्हतं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. माझा संबंध पुस्तकांशी. परुळेकरांचा संबंध विलायतेतल्या जुन्या वाघिणींशी होता, आणि त्याही कोळसा, मासे, केळी, सिमेंट वाहणाऱ्या, ज्यांचा फोटो काढावा असं सहसा कुणाला वाटलं नाही अशा. इंजिनांबद्दल विचारलं तर त्यांचा चेहरा पडायचा. "इंजिनाचं काय सर, त्याला सगळेच ओळखतात," असं म्हणून ते विषय बदलायचे. ते स्वतः विलायतेला कधी गेलेले नव्हते. एवढंच काय, अशी एकही वाघीण त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

त्यांची नोकरी रास अल खोरमध्ये, एका कंटेनर यार्डात. येणाऱ्या प्रत्येक कंटेनरभोवती फिरायचं, कुठं पोचा आहे, कुठं गंज आहे, दाराचं रबर फाटलंय का, ते बघून कागदावर लिहायचं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी हेच केलं आणि त्या कामात त्यांच्यासारखा माणूस नव्हता, हे त्यांचा सुपरवायझरसुद्धा मान्य करायचा. पण कंटेनरवर त्यांचा जीव नव्हता. "सगळे एकाच आईचे," ते म्हणायचे. "लांबी तीच, रुंदी तीच, कोपरे तेच. ह्यांनीच माझ्या वाघिणी मारल्या आणि आता माझं पोटही हेच भरतात. करायचं काय?"

एकदा मात्र त्यांनी कंटेनरला वाघिणीचा मान दिला, आणि तो अंगाशी आला. झालं असं, की रांगेत उभ्या कंटेनरचं दार कुठल्या टोकाला आहे ते फोर्कलिफ्टवाल्यांना लांबून कळायचं नाही. त्यांना खाली उतरून, उन्हात वळसा घालून बघावं लागायचं. विलायतेत कोळशाच्या लोखंडी वाघिणींवर ह्यासाठी एक सोपी युक्ती होती: बाजूवर एक तिरपी पांढरी रेघ, आणि ती ज्या टोकाकडे वर चढेल त्या टोकाला दार. परुळेकरांनी खडू घेतला आणि एका सकाळी रांगेतल्या अकरा कंटेनरवर सुंदर तिरप्या रेघा ओढल्या. फोर्कलिफ्टवाल्यांना त्या रेघांचा अर्थ समजावून सांगायला ते कँटीनमध्ये गेले. त्या यार्डात तिरप्या रेघेचा अर्थ 'दुरुस्तीला पाठवा' असा होता, हे इतकी वर्षं तिथं काढलेल्या माणसाच्या त्या क्षणी डोक्यातच आलं नाही. चहा संपवून परत येईपर्यंत अकराच्या अकरा धडधाकट कंटेनर दुरुस्ती शेडसमोर उभे होते आणि सुपरवायझर दोन्ही हात वर करून ओरडत होता, "खलास, परुळेकर, खलास! आप मेरेको मरवाएगा!"

"पण रेघ बरोबर होती," परुळेकर मला सांगताना म्हणाले. "अकराही दारं बरोबर टोकाला."

माणूस पन्नाशीच्या पुढचा, बुटका, अंगानं सुका. लग्न केलं नाही. आमच्या मजल्यावर टोकाच्या फ्लॅटमध्ये, तिघांत मिळून घेतलेल्या घरातल्या एका खोलीत राहायचा. त्या खोलीत एक पलंग, एक कॉम्प्युटर, आणि भिंतीला लागून फायलींचे सहा खोके. नजरेत भरावेत ते फक्त कान. परुळेकरांचे कान मोठे होते आणि सरळ बाहेर उभे होते. पाठमोरा माणूससुद्धा लांबून ओळखू यायचा. गावाकडे, वेंगुर्ल्याच्या बाजूला, म्हातारी आई आणि बहीण. रोज संध्याकाळी आईला फोन. तो फोन मालवणीत चालायचा आणि दीड मिनिटात आटपायचा.

खोक्यांपेक्षा महत्त्वाची ती वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची, प्रत्येक पानावर एक वाघीण. जुने फोटो ते इंटरनेटवरून, जुन्या पुस्तकांतून, लोकांच्या खासगी आल्बममधून मिळवायचे आणि मग चिकटवून त्याखाली माहिती भरायचे: जात, नंबर, कुठल्या कंपनीची, काय वाहायची, आणि शेवटचा रकाना 'ठिकाण', म्हणजे फोटो काढला तेव्हा ती उभी कुठं होती. वहीचा एक कडक नियम होता. आधी सगळं पेन्सिलीनं. दोन स्वतंत्र पुरावे मिळाले की शाईनं. एका पुराव्यावर शाई नाही, मग तो पुरावा देवानं आणून दिलेला का असेना.

"एक पुरावा म्हणजे काय असतं माहितीय सर?" ते म्हणायचे. "इच्छा."

मी ती वही पुष्कळदा चाळली आहे. जवळजवळ सगळी शाईची. फक्त पहिलं पान सुरुवातीपासून पेन्सिलीत होतं, खोडून खोडून कागद पातळ झालेला. कृष्णधवल फोटो, पोस्टकार्डाहून लहान. एका धक्क्यावर उभी असलेली बंद वाघीण, उभ्या फळ्यांची, टोकाला पत्रा पन्हळी, आणि तिच्यासमोर, बरोबर नंबरासमोर, शर्टाच्या बाह्या दुमडून उभा असलेला एक सावळा, सडपातळ माणूस. त्याच्या डोक्याच्या एका बाजूला दोन आकडे दिसत होते, दुसऱ्या बाजूला एक. मधले सगळे त्याच्या डोक्यामागं. खाली, बारीक अक्षरांत, इंग्रजीत लिहिलेलं होतं: 'रिकामी झाल्यावर परत पाठवा –' आणि पुढं गावाचं नाव असायचं, तिथं त्याचा खांदा.

"हा माणूस आडवा आला," परुळेकर म्हणायचे. "तीस वर्षं ह्या वहीत आडवा उभा आहे."

"बाकी शेकडो सोडवल्यात की तुम्ही. एक राहिली तर राहिली," मी म्हणालो.

"ही सुटल्याशिवाय मी घरी जाणार नाही," ते म्हणाले. मला वाटलं, हौशी माणसाचं बोलणं.

विलायतेत ह्या विषयाचे शौकीन आहेत, आणि त्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. बहुतेक निवृत्त लोक. त्यात परुळेकरांना फार मान होता. एखाद्या धूसर फोटोवर आठ दिवस भांडण चाललेलं असायचं, आणि मग शारजाहून परुळेकर दोन ओळी लिहायचे: ब्रेकचा दांडा बघा, आसाच्या डबीचं झाकण बघा, सबब ही अमुक. आणि भांडण मिटायचं. ह्या गटातला टेरी नावाचा गृहस्थ त्यांचा खास स्नेही झाला होता. टेरीची पक्की समजूत, की एवढी जाण असलेला माणूस जन्मभर तिथल्याच रेल्वेत असला पाहिजे. त्यानं एकदा विचारलं, तुम्ही कुठल्या यार्डात काम केलं? परुळेकरांनी खरं ते लिहिलं: रास अल खोर. टेरीनं दोन दिवस जुने नकाशे धुंडाळले आणि नम्रपणे कळवलं, की सापडत नाही, पण नावावरून वेल्समधलं वाटतं.

ह्याच टेरीशी ते एका ब्रेकच्या दांड्यावरून वर्षभर भांडलेही होते. "टेरी चांगला आहे हो," ते म्हणाले, "पण घाईनं शाई लावतो."

वसुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, परुळेकर आवडायचे. शनिवारी ते बांगड्याचं तिखलं करून आणायचे आणि ती त्यांना वरणभात वाढायची. ती त्यांच्या वाघिणी ऐकायची, पण तिला आवडायची ती नावं. विलायतेतल्या एका जुन्या रेल्वे कंपनीनं तार करताना शब्द कमी लागावेत म्हणून प्रत्येक जातीच्या वाघिणीला एका शब्दाचं नाव दिलं होतं. बंद वाघीण ती मिंक, मासळीची ब्लोटर, लांब लाकडांची मकॉ. आणि गाडीच्या अगदी शेवटी लागायची ती टोड. टोडमध्ये गार्ड बसायचा. त्या काळच्या मालगाड्यांत मधल्या वाघिणींना चालत्या गाडीत लागेल असा ब्रेक नसायचाच; उतारावर साखळ्या ताणलेल्या ठेवायच्या, चढावर एखादी तुटली तर मागं घरंगळणाऱ्या वाघिणी धरून ठेवायच्या, हे सगळं शेवटच्या टोडनं.

परुळेकर ही नावं आमच्यावर वापरू लागले. मोबाइलवर 'ब्लोटर' आलं, की मासळी बाजारात चांगला माल आहे. 'मिंक' म्हणजे दार लावून घ्या, काहीतरी खासगी सांगायचंय. हे खासगी बहुधा टेरीबद्दल असायचं. आणि 'टोड' म्हणजे तुम्ही व्हा पुढं, मी मागं आहे.

परुळेकरांनी एका शनिवारी वसुधापुढं पहिलं पान उघडलं. तिचं भरतकाम चालायचं, नजर बारीक. खांद्याच्या कडेला एखाद्या अक्षराचा तुकडा दिसतो का, एवढंच त्यांना हवं होतं. भिंग त्यांनी आदल्याच आठवड्यात नवं घेतलेलं. "ऐंशी दिरम, म्हणजे अठराशेच्या वर गेले," असं सांगत त्यांनी ते तिच्या हातात दिलं.

"अक्षर नाही दिसत," वसुधा म्हणाली. आणि मग, भिंग थोडं वर नेऊन, "ह्याचे कान किती मोठे आहेत."

"तेच ना वहिनी. साधे कान असते तर आणखी एक आकडा दिसला असता."

वसुधानं भिंग खाली ठेवलं. परुळेकरांकडे पाहिलं. मग पुन्हा फोटोकडे.

"तुमच्यासारखेच आहेत हो," ती म्हणाली.

परुळेकरांनी वही मिटली आणि यार्डात काम आठवलं म्हणून उठले. शनिवार होता, यार्डाला सुट्टी होती. चहा तसाच राहिला. मी हसलो आणि म्हणालो, आडव्या माणसाचे कान काढलेस आणि त्यांना राग आला. ती म्हणाली, "त्याला आडवा माणूस म्हणू नका हो." मी कारण विचारलं, तर म्हणाली, "म्हणू नये." सोमवारी मी शाळेत असताना परुळेकर येऊन गेल्याचं तिनं सांगितलं. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला वाटतं, की आपल्याला न विचारताच कळतं.

दोन वर्षांपूर्वी वसुधा गेली. आजार लांबला नाही. त्या दिवसांबद्दल मला इथं लिहायचं नाही, पण एक सांगितलं पाहिजे. मोबाइलवर पुष्कळ निरोप आले, लांब लांब, चांगल्या मनानं लिहिलेले. ते मी वाचू शकलो नाही. परुळेकरांचा निरोप एका शब्दाचा होता.

'टोड.'

त्यानंतर चाळीसेक दिवस ते रोज संध्याकाळी माझ्या घरी आले. सांत्वनाचं एक अक्षर बोलले नाहीत. फाइल उघडायची, फोटो पुढं करायचा आणि म्हणायचं, "सर, फळ्या मोजा." मी मोजायचो. सात. "परत मोजा." आठ. "हं. आठवी सावलीत आहे." मग आसाच्या डब्या, मग दाराच्या बिजागऱ्या. तासाभरानं ते फाइल मिटायचे, ओट्यावर झाकून ठेवलेलं जेवण मला वाढायचे आणि माझं जेवून होईपर्यंत समोर बसायचे. मला त्या दिवसांतली दुसरी कुठली गोष्ट धड आठवत नाही. आठवी फळी आठवते.

गेल्या वर्षी यार्ड दुसऱ्या कंपनीकडे गेलं. नव्या लोकांनी साठीच्या वरच्यांचे व्हिसा पुढं चालवायचे नाहीत असं ठरवलं. परुळेकर नेमके साठीचे झाले होते. महिनाअखेर परत जायचं.

मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. नोकरीचं दुःख नव्हतं. गावी घर होतं, थोडी शिल्लक होती. "सर, पहिलं पान," ते म्हणाले. "पहिलं पान राहिलंय." रोज यार्डातून आले की ते कॉम्प्युटरसमोर बसायचे. गटावरच्या प्रत्येकाला त्यांनी वैयक्तिक पत्र लिहिलं. ज्या माणसानं कधी कुणाला घाई करू दिली नाही, तो लिहीत होता: कृपया लवकर बघा.

शेवटच्या आठवड्यात टेरीचं उत्तर आलं. त्याच्या एका दिवंगत मित्राचे आल्बम त्याच्याकडे आले होते, आणि त्यात एक वाघीण होती. परुळेकर धावत माझ्याकडे आले. पायांत दोन वेगवेगळ्या चपला. आम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवले. टेरीच्या फोटोत समोर कुणीही उभं नव्हतं. पूर्ण नंबर. पहिले दोन आकडे जुळत होते, शेवटचा जुळत होता.

"हा एक," परुळेकर म्हणाले. "पण असे पुष्कळ नंबर निघतील. दुसरा हवा."

दुसरा मला दिसला, हे मी थोड्या अभिमानानं लिहितो. दाराच्या डावीकडची तिसरी फळी. दुरुस्तीत बदललेली, रंग न दिलेली, आणि खालून तिरकी कापलेली. दोन्ही फोटोंत तीच फळी, तोच तिरका काप. नंबर सारखे असू शकतात. सुतार असा दोनदा चुकत नाही.

परुळेकर भिंगातून पाच मिनिटं बघत राहिले. मग त्यांनी पेन काढलं आणि पहिल्या पानावर नंबर शाईनं लिहिला. त्याखाली, टेरीच्या फोटोत स्पष्ट दिसत होतं ते: 'रिकामी झाल्यावर परत पाठवा – न्यूपोर्ट.'

"अभिनंदन!" मी म्हणालो. "सुटलं! न्यूपोर्ट! आता लिहा ठिकाण."

परुळेकरांनी पेनाला टोपण लावलं.

"ठिकाण कुठं कळलं सर?"

"हे काय, न्यूपोर्ट."

"ते परत पाठवायचं ठिकाण आहे. वाघीण कुठली ते कळलं. उभी कुठं होती, ते नाही कळलं." ते अगदी हळू बोलत होते, वर्गातल्या मंद मुलाशी बोलावं तसं, पण मंद मुलगा मी नव्हतो, ते स्वतःलाच सांगत होते. "वाघीण देशभर फिरते सर. स्कॉटलंडला जाते, लंडनला जाते. परत पाठवा असं लिहिलंय, ते ती जिथं जाईल तिथल्या लोकांसाठी. न्यूपोर्टमध्ये उभ्या वाघिणीला कोण न्यूपोर्टला पाठवणार? म्हणजे फार तर एवढाच निष्कर्ष निघतो, की हा फोटो जगात कुठलाही असेल, बहुतेक न्यूपोर्टचा नसेल." ते हसायला गेले. "वहीच्या तीस वर्षांत एक गाव कमी केलं मी. तेही खात्रीनं नाही."

"हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

"पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण म्हटलं, आधी नाव तर कळू दे."

मग त्यांनी सांगितलं. आडवा माणूस म्हणजे त्यांचे वडील. मालवाहू बोटीवर खलाशी होते. परुळेकर तान्हे असताना बोट परत आली आणि वडील तिच्यावर नव्हते. विलायतेत उतरले ते उतरले. वर्षभरानं एक पाकीट आलं, आत हा फोटो, मागं दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात 'खुशाल आहे.' पत्ता नाही. पाकिटावरचं परदेशी तिकीट शेजारच्या एका मास्तरांनी संग्रहासाठी कापून घेतलं आणि टपालाचा शिक्का तिकिटाबरोबर गेला. त्यानंतर काही आलं नाही. आईनं फोटो भिंतीला लावला आणि एकच प्रश्न विचारायला लागली. का गेला, कुणासाठी राहिला, असलं तिनं कधी विचारलं नाही. "तो खंय उबो आसा रे?" एवढंच. तो कुठं उभा आहे. दहा वर्षांच्या परुळेकरांनी फोटो खाली घेतला, नीट पाहिला, आणि त्यांना दिसलं की वडिलांच्या मागं काहीतरी लिहिलेलं आहे. म्हणाले, शोधून सांगतो. तेव्हापासून ते माणसांच्या मागं बघताहेत.

मी म्हणालो, "मला कधी सांगितलं नाहीत."

"वहिनींना माहीत होतं. त्या कानांवरून ओळखून बसल्या. मी त्यांना म्हटलं, सरांना सांगू नका, सर फोटोकडे मग वेगळ्या नजरेनं बघतील आणि फळ्या चुकवतील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही ना सांगितलं त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो. माझ्या घरात, माझ्या शेजारी, तिनं ते सांभाळलं होतं. आणि मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

खोके टेरीच्या गटाला पाठवायचे ठरले. वही त्यांनी माझ्याकडे ठेवली. सामानात दुमडेल म्हणाले, आणि गावची हवा दमट. फोटो मात्र पहिल्या पानावरून काढून घेतला. तो आईचा होता. जाताना विमानतळावर त्यांनी मला पुढं होऊ दिलं नाही. "आज टोड तुम्ही," म्हणाले, आणि ट्रॉली ढकलत आत गेले. गर्दीत ते दोन कान बराच वेळ दिसत होते.

चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मागं कोंबड्यांचा आवाज.

"सर, आईनं पोचल्या पोचल्या विचारलं."

"मग?"

"तीन दिवस टाळलं. जेवण झाल्यावर सांगतो, झोपून उठल्यावर सांगतो. आज तिनं ताटच घेतलं नाही. म्हणाली, आधी सांग. नव्वदीची आहे, सर." ते थांबले. "मी सांगितलं, न्यूपोर्ट."

एका दांड्यासाठी वर्षभर भांडलेला हा माणूस.

"तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मग स्वतः म्हणून पाहिलं. मग फोटो हातात घेतला आणि म्हणाली, 'थंय थंडी आसतली. अंगार स्वेटर पण नाय रे ह्याच्या.' मी ह्या फोटोतली प्रत्येक फळी बघितली आहे सर. स्वेटर नाही, हे मी कधी बघितलं नव्हतं." कोंबड्या ओरडल्या. "मग म्हणाली, 'बरा. आता जेवक बस.' आणि जेवली."

"चांगलं केलंत," मी म्हणालो.

"वही आहे ना जवळ? पहिलं पान काढा. ठिकाणाचा रकाना. न्यूपोर्ट लिहा." आणि जरा थांबून, "शाईनं."

चाळीस संध्याकाळी त्यांनी मला जे शिकवलं होतं ते माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "परुळेकर, पुरावे दोन हवेत."

"दोन आहेत," ते म्हणाले. "एक टेरीचा. एक आईचा."

मी पेनाचं टोपण काढलं.